गांधीधाम ते रत्नागिरी, मे २०२५

रत्नागिरीत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, तिकडे कच्छला युद्धाचं फार होतं का हो, म्हणून आलात का. वाण्याकडे, रिक्षात, शाळेच्या ऑफिसात, सगळीकडे. म्हणून आधीच लिहून टाकते, नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर मार्चमध्येच आली होती, कच्छमधल्या कांडला बंदरातून रत्नागिरीजवळच्या जयगड बंदरात, आणि रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून कमी केले) तर विंडो उघडल्या उघडल्या तिकिटं काढून ठेवली होती. तेव्हा पहलगामचा अतिरेकी हल्ला झालेला नव्हता. आमची बदली आणि युद्ध एकाच आठवड्यात आलं इतकंच. ज्यांना खरंच रातोरात घर सोडावं लागलं ते पूंछचे, उरीचे, जम्मूचे लोक वेगळे, त्यांच्या रांगेत आम्ही उभं राहणं बरोबर नाही.

पण तरी प्रवास त्याच दिवसांतला झाला. मुलांनी तो पाहिला, सासूबाईंनी पाहिला. विसरायच्या आत लिहून ठेवते.

८ मे, गुरुवार

सामानाचा ट्रक दोन दिवस आधीच निघाला होता. घरात फक्त गाद्या, एक कुकर आणि बॅगा. आदल्या दिवशी ७ तारखेला पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, आपल्या सैन्याने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणांवर मारा केला, आणि त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल ठरलेलं होतं त्यामुळे रात्री आमच्याकडे अर्धा तास ब्लॅकआऊट झाला. तो तरी सराव होता. ८ तारखेला मात्र सरकारने जी यादी दिली त्यात आमच्या कच्छमधल्याच भुजचं नाव होतं, म्हणजे ७ आणि ८ च्या मधल्या रात्री ज्या ठिकाणी पाकिस्तानने ड्रोन आणि मिसाईल सोडायचा प्रयत्न केला आणि ते पाडले त्या पंधरा नावांत अवंतीपुरा, श्रीनगर, पठाणकोट, अमृतसर असं करत करत शेवटी भुज. नवऱ्याने मोठ्याने वाचलं आणि मग पुढचं मनातल्या मनात वाचलं.

गांधीधाम हे गावच मुळी घर सोडून आलेल्यांनी वसवलेलं आहे हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रताप यांनी पुढाकार घेऊन हे उभं केलं, आणि कराची बंदर गेलं म्हणून कांडला बंदर बांधलं. आमच्या शेजारच्या सिंधी आजी लहानपणी कराचीहून आगबोटीने आल्या होत्या. संध्याकाळी त्या डबा घेऊन आल्या, कोकी आणि लोणचं, आणि माझ्या बॅगा बघून म्हणाल्या, कपडे कुठेही मिळतील, कागद पोटाशी ठेव. मी खरंच सगळे ओरिजिनल, मुलांचे जन्मदाखले, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, गॅसचं पुस्तक, सासूबाईंची औषधांची चिठ्ठी, हे सगळं एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी आडवी गळ्यात अडकवली आणि रत्नागिरी येईपर्यंत काढली नाही. कोणी असं निघणार असेल तर हेच करा. थोडी रोख रक्कम, टॉर्च आणि पॉवर बँकही त्याच पिशवीत.

आजींना मी म्हटलं चला आमच्याबरोबर थोडे दिवस. त्या म्हणाल्या, एकदा आले तेवढं पुरे. मला खूप रडू आलं. त्यांच्या मुलाचं लाकडाच्या वखारीचं काम आहे, ते सगळे तिथेच राहिले, रोज रात्री लाईट बंद करून बसत होते, आणि आम्ही निघालो ते त्यांच्या डोळ्यांसमोरून निघालो.

रात्री सयाजीनगरी एक्सप्रेस. स्टेशनवर वखारीत काम करणाऱ्या मजुरांची गर्दी होती, बोचकी, बादल्या, गुंडाळलेली पांघरुणं. १ मेपासून वेटिंगवाल्यांना स्लीपरमध्ये बसू देत नाहीत, जनरलला मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या डब्यात एका काकांनी उठून सगळ्यांना सांगितलं की सामख्याळी जाईपर्यंत दिवे घालवू आणि खिडक्या ओढून घेऊ. कोणी सक्ती केलेली नव्हती पण सगळ्यांनी ऐकलं. अंधारात गाडी चालली होती, कोणीतरी हळू आवाजात हनुमान चालीसा म्हणत होतं, पलीकडच्या बर्थवर एक मुस्लिम कुटुंब होतं त्यातल्या आजी तसबी ओढत होत्या, आमचा धाकटा माझ्या मांडीवर. सूरजबारीचा पूल आला तसा चाकांचा आवाज बदलला आणि काका म्हणाले कच्छ संपलं, लावा दिवे. लगेच सगळ्यांनी डबे उघडले, जेवायचं राहिलंच होतं ना कोणाचं.

९ मे, शुक्रवार

सुरत गेल्यावर सगळे मोबाईलला चिकटले. रात्रभर काही टीव्ही चॅनलवाल्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून सांगितलं होतं, नंतर त्यात काही तथ्य नव्हतं हे कळलं. बंदरात काम करणाऱ्या माणसाच्या घरी अशी बातमी काय करते हे त्या लोकांना कळत नसेल का? कारण समोरच्यांचं बंदर पेटलं म्हटल्यावर पहिला विचार हाच येतो की आता आपलं. नवरा गाडीतून कांडल्याच्या मित्रांना फोन लावत बसला, लागेनात, आणि लागेपर्यंत त्याचा चेहरा बघवत नव्हता. दिवसभर अशीच अफवांची रांग, एटीएम दोन तीन दिवस बंद राहणार हा मेसेज आमच्या डब्यात चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. सरकारने तो खोटा आहे असं त्याच दिवशी सांगितलं तरी फिरतच होता.

दादरला उतरून लोकलने डोंबिवली, नणंदेकडे मुक्काम. एवढ्या बॅगा, सासूबाई, दोन मुलं, पण दुपारची वेळ म्हणून निभावलं. एका कॉलेजच्या मुलीने काही न विचारता सासूबाईंचा हात धरून त्यांना डब्यात चढवलं.

डोंबिवली त्या दिवसांत वेगळीच होती. २२ एप्रिलला पहलगामला जी २६ माणसं मारली त्यातले तिघं याच गावचे. नणंद म्हणाली की त्या दिवसापासून कोणी सहलीच्या गप्पा मारत नाही. रात्री आयपीएल आठवड्यासाठी थांबवल्याची बातमी होती, आदल्या दिवशी धरमशालाची मॅच मधेच थांबवून खेळाडूंना दुसऱ्या दिवशी जालंधरहून वंदे भारतने दिल्लीला आणलं होतं. भाचा म्हणाला, म्हणजे त्यांनाही ट्रेननेच यावं लागलं. उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ बंद, जम्मू आणि उधमपूरहून रेल्वेने स्पेशल गाड्या सोडलेल्या. अशा वेळी या देशात शेवटी माणसाला घरी नेते ती रेल्वेच, हे मी आधीही मानत होते, आता जास्त मानते.

१० मे, शनिवार

पहाटे उठून लोकलने ठाण्याला आणि तिथून मांडवी एक्सप्रेस. मे महिना, चाकरमानी, आंब्याचा सीझन, लग्नसराई, तेव्हा गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमची सीटं होती पण सीटांवर आधीच माणसं होती, मग सरकून सरकून सगळे बसले. समोर खेडच्या एक मावशी, लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेलेल्या आणि परत निघालेल्या. त्यांनी सासूबाईंना खिडकी दिली.

पनवेल सुटलं की कोकण सुरू झालं असं आपण म्हणतो पण कोकण रेल्वे खरी रोह्यापासून. या पट्ट्यातली नावं मी मॉक ड्रिलच्या यादीत वाचली होती, उरण, रोहा-धाटाव-नागोठणे, थळ वायशेत, मग रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे. नागोठणे स्टेशन खिडकीतून गेलं तेव्हा लेक म्हणाली आई, हे पण त्या यादीत होतं. कारखाने, खतं, गॅस, बंदरं, असं जिथे जिथे आहे ते सगळं यादीत. मी तिला इतकंच सांगितलं की यादीत असणं म्हणजे तयारीत असणं. माणगाव आलं तेव्हा मावशींनी पलीकडे हात करून सांगितलं की इथूनच श्रीवर्धनचा रस्ता, ९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरवलं होतं ना, तेव्हापासून आमच्याकडे समुद्राकडे बघायची नजर बदलली. आता गावोगावी सागर रक्षक दलात मुलं असतात, मासेमारीला जाणाऱ्याकडे ओळखपत्र लागतं, अनोळखी बोट दिसली की कळवायचं.

मग बोगदे सुरू झाले आणि त्याबरोबर बातम्या तुटायला लागल्या. हे मला कायम लक्षात राहील. रोहा ते ठोकूर या साधारण ७४० किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर बोगदे आहेत, बोगदा आला की नेटवर्क जातं, बाहेर आलं की सगळे फोन एकदम वाजतात. सकाळीच कळलं होतं की रात्री आपण त्यांच्या हवाई तळांवर मारा केला, रावळपिंडीजवळचा नूर खान वगैरे. बोगदा. बाहेर आलो तर राजौरीत तोफगोळा घरावर पडून एक सरकारी अधिकारी गेले. बोगदा. बाहेर आलो तर कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची पत्रकार परिषद, अर्धवट व्हिडिओ, परत बोगदा. डब्यात पन्नास माणसं आणि सगळी एकाच वेळी गप्प आणि एकाच वेळी बोलणार. मावशींनी फोन पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, जे होईल ते मला खेडला उतरल्यावर कळू दे, आणि आमच्या मुलांना पिशवीतून आंबे काढून दिले, तिथेच चोखून खाल्ले, हात धुवायला बाटलीतलं पाणी.

वीरपर्यंत डबल लाईन झालीय, पुढे बहुतेक ठिकाणी सिंगलच, म्हणून क्रॉसिंगला थांबावं लागतं. एका छोट्या स्टेशनात थांबलो तेव्हा आजूबाजूला इतकी शांतता होती की लांबचा पावशा ऐकू येत होता. करवंदांनी भरलेले पानांचे खोले (द्रोण) घेऊन एक बाई डब्यापाशी आली. तिने विचारलं कुठून आलात, सासूबाईंनी कच्छ म्हटल्यावर तिने एक खोला जास्त दिला आणि पैसे घेतले नाहीत त्याचे. सासूबाई नको नको म्हणत होत्या, आम्हाला काही झालेलं नाही बाई. पण ती पुढच्या डब्याकडे निघून गेली.

चिपळूणला समोरच्या प्लॅटफॉर्मवर मुंबईकडे जाणारी गाडी लागली होती. एक जवान, सुट्टी अर्धी टाकून परत बोलावलेला, आणि त्याला सोडायला अख्खी वाडी आलेली. मराठा लाईट इन्फंट्री म्हणा, महार रेजिमेंट म्हणा, कोकणातली पोरं पिढ्यानपिढ्या जात आली आहेत, तेव्हा हे दृश्य इथल्यांना नवीन नाही. तरी आमच्या गाडीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्याची आई रडत नव्हती, ती त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होती. बायकोच्या कडेवर तान्हं मूल. कोणीतरी गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, आमच्या बाजूचे लोकही म्हणाले. कोणी व्हिडिओ काढायला लागलं तर एका म्हाताऱ्या बाबांनी हात वर करून थांबवलं, आणि बरोबरच होतं ते, जवान कुठून कुठे जातायत हे त्या दिवसांत कोणी टाकू नये असं सांगितलेलंच होतं. मीही इथे यापेक्षा जास्त लिहीत नाही. तो सुखरूप असू दे.

संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं, मग करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर लांब. कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. धाकट्याने खिडकीला नाक लावून आकडे मोजले, संपेचना. सासूबाईंनी मधेच सांगायला सुरुवात केली की १९७१ ला ही रेल्वे असती तर. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या, लालबागच्या चाळीत. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि चाळीतल्या कोकणातल्या बायकांना, पोरांना गावी पाठवायचं ठरलं तेव्हा एसटीच्या रांगेत रात्र काढायला लागली होती, घाटातून दिवे झाकून गाड्या गेल्या म्हणे. रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ ला, २६ जानेवारीला. म्हणजे त्या पिढीची सगळी युद्धं, सगळी बाळंतपणं, सगळे गणपती एसटी आणि आगबोटीवरच गेले.

दुपारी रत्नागिरी. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला, खाली उतरून रिक्षा. रिक्षावाल्या दादांनी बॅगा बांधताना विचारलं नवीन का, मग मारुती मंदिर, जयस्तंभ असं एकेक दाखवत नेलं.

घर थिबा पॅलेसच्या बाजूला, वरचा मजला. मालकीणकाकू दारातच उभ्या होत्या. काय गो बाय, दमलीस ना, ये, आधी पाणी घे. कोकम सरबत, मग सासूबाईंसाठी खाट. रिकाम्या घरात आम्ही चटईवर पडलो होतो तेवढ्यात सहाच्या सुमारास खालून काकूंच्या मुलाने हाक मारली की थांबलं, युद्ध थांबलं. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री सांगत होते की पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांच्या प्रमुखांचा) दुपारी ३.३५ ला फोन आला आणि ५ वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात सगळं थांबवायचं ठरलं. समुद्रात, हा शब्द ऐकल्यावर नवऱ्याने डोळे मिटले. मी गांधीधामला आजींना फोन लावला, त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, अजून दिवे बंदच ठेवले आहेत, बघू. त्यांचंच खरं झालं, रात्री परत श्रीनगरला स्फोट, कच्छमध्ये परत ड्रोन दिसल्याच्या आणि ब्लॅकआऊटच्या बातम्या. आमच्या इथे दिवे चालू होते आणि मला ते लावून बसवत नव्हतं. नंतर हळूहळू शांत झालं.

११ मे, रविवार

सकाळी उठून बघते तर अंगणभर वाळवणं. काकूंच्याकडे आगोटीची तयारी चालू, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आमसुलं, फणसाचे पापड, कुळीथ, सुकट, सोडे, तांदळाला कीड लागू नये म्हणून काय काय. चार महिने पाऊस कोसळणार, रस्ता बंद होईल, लाईट जाईल, होड्या किनाऱ्यावर, हे धरूनच इथलं घर चालतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. आदल्या दोन दिवसांत सरकार सांगत होतं की धान्याचा साठा भरपूर आहे, साठेबाजी करू नका, आणि काही शहरांतून लोक दुकानं रिकामी करत असल्याचे मेसेज येत होते. इथे काकू दरवर्षीचं माप सोडून एक मूठ जास्त भरत नव्हत्या. मी विचारलं, त्या म्हणाल्या जास्त भरलं तर दुसऱ्याला कमी पडेल ना, आणि खराब होईल ते वेगळंच. शिवाय आमच्याकडे काही नाही म्हणून त्यांनी आमच्यासाठीही थोडं थोडं बाजूला काढलं, हे तुमचं आगोटीचं. कालपर्यंत ज्या बाईला मी फक्त फोनवर भाड्याबद्दल बोलले होते तिने आमचा पावसाळा भरून ठेवला. सासूबाई लगेच त्यांच्याबरोबर रातांबे फोडायला बसल्या. दोघींचं १९७१ वरून सुरू झालं, खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांचे हेडलाईट अर्धे काळे रंगवलेले, गल्लीतली पोरं लाईट घालवाऽऽ म्हणून ओरडत फिरायची. काकू तेव्हा इथे लहान होत्या, त्यांच्याकडे गावात वीजच नव्हती तेव्हा ब्लॅकआऊट रोजचाच.

मुलं मात्र नीट झोपली नाहीत. गल्लीत कोणाच्या लग्नाचे फटाके वाजले आणि धाकटा पळत आत आला. लेक मोठी आहे, ती बोलत नाही पण मोबाईल हातातून सोडत नव्हती, भुजच्या मैत्रिणींचे मेसेज. त्यात चॅनलवाले बातम्यांत सायरन वाजवत होते, तो वाजवू नका असं सरकारला सांगावं लागलं. सायरन खरा वाजेल तेव्हा लोकांनी धावायला हवं आणि तुम्ही तो जाहिरातीच्या आधी वाजवता, याचा मला अजूनही राग आहे. आम्ही घरात ठरवलं की दिवसातून एकदाच संध्याकाळी बातम्या, तेही आकाशवाणीच्या.

१२ मे, सोमवार

नवरा सकाळच्या एसटीने जयगडला रुजू व्हायला गेला. मी काकूंच्या मुलाबरोबर पोलीस स्टेशनला भाडेकरूचा फॉर्म भरायला. किनाऱ्यावरचं गाव आणि हे दिवस, त्यामुळे तपासणी नीट होणारच, झालीही पाहिजे. तिथल्या हवालदार ताईंनी कच्छचा पत्ता बघितला, बंदरातल्या नोकरीची ऑर्डर बघितली, आणि फॉर्मवर सही करता करता विचारलं की मुलं घाबरलीत का. त्यांचा भाऊ बीएसएफमध्ये आहे, चार दिवस फोन नव्हता, सकाळीच आला म्हणाल्या.

बुद्ध पौर्णिमेची सुट्टी होती म्हणून शाळा वगैरे बंद. त्याच दिवशी ३२ विमानतळ परत सुरू केल्याची बातमी आली. संध्याकाळी मुलांना घेऊन थिबा पॅलेसपर्यंत चालत गेलो, बाहेरूनच बघितला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ च्या युद्धात हरवून इंग्रजांनी मंडालेहून काढलं आणि इथे आणून ठेवलं, हा राजवाडा बांधून झाला १९१० ला आणि १९१६ ला तो इथेच वारला, देश परत बघितला नाही. समाधी पण रत्नागिरीतच. लेकीने विचारलं, मग इथल्या लोकांनी त्याला काय दिलं? मला काही सांगता येईना. काकूंनी घरी आल्यावर सांगितलं की त्या घरातली थोरली राजकन्या परत इथेच राहायला आली, इथल्याच माणसाशी संसार केला, आणि तिच्या पुढच्या पिढ्या रत्नागिरीच्याच झाल्या, मराठी बोलणाऱ्या. लेक बराच वेळ ते ऐकत होती. मला वाटतं प्रवास सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीत रमली.

रात्री ८ वाजता पंतप्रधानांचं भाषण, खाली काकूंच्या टीव्हीवर सगळी आळी.

१४ मे, बुधवार

मधला दिवस झाडलोट आणि पाण्याच्या टाकीत गेला. आज ट्रक आला. ड्रायव्हर भाई कच्छी, अहमदाबादपर्यंत रस्त्यात ठिकठिकाणी चेकिंग, मग मुंबई-गोवा हायवेची कामं, पण काशेडीच्या बोगद्यातून आल्याने घाट वाचला म्हणाला. सामान उतरवेपर्यंत आभाळ भरून आलं. आळीतली पाच सहा पोरं न बोलावता आली, फ्रीज, कपाट, सासूबाईंची शिलाई मशीन, सगळं धडाधड वर. शेवटची गादी आत गेली आणि वळवाचा पाऊस आला. ड्रायव्हरला काकूंनी जेवायला बसवलं, भात, कुळथाचं पिठलं, आमरस. तो म्हणाला त्याचं घर नखत्राण्याकडे आहे, म्हणजे अजून बॉर्डरच्या बाजूला, बायकोने फोनवर सांगितलं काल रात्री लाईट चालू ठेवून झोपलो. जाताना मी त्याच्याकडे आजींसाठी आंब्याची पेटी दिली. पोचेपर्यंत पिकतील, अर्धे कच्चेच निवडून घेतले होते.

१६ मे, शुक्रवार

लेकीची शाळा. सातवीत प्रवेश, सेमी इंग्रजी. ऑफिसमधल्या बाईंनी कापडी पिशवीतले सगळे कागद एकेक करून बघितले, दुसऱ्या राज्यातला दाखला म्हणून तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते, ती मी निघायच्या आधीच घेतली होती म्हणून काम झालं. ज्यांची राज्याबाहेर बदली होतेय त्यांनी ही सही विसरू नका, नंतर पोस्टाने महिना जातो. तिकडे ती गुजराती शाळेत होती त्यामुळे मराठी वाचते पण अडखळत, लिहिताना वर रेघ द्यायची विसरते. इथे तर मराठी सगळ्या शाळांत सक्तीचीच आहे. बाई म्हणाल्या सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन लिहा, होईल, आणि वर्गशिक्षिकांचा नंबर दिला. फॉर्मवर एक रकाना होता, शाळा बदलण्याचं कारण. बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वडिलांची बदली. त्यांनी तेच लिहिलं.

शाळा १६ जूनला उघडेल. तोपर्यंत वह्या, रेनकोट, गॅसचं कनेक्शन आणि सासूबाईंच्या बीपीसाठी डॉक्टर शोधायचे आहेत. आजींचा फोन आला होता, पेटी पोचली.